लहानपणी पळवलं गेलेल्या मुलीने जन्मदात्यांचा शोध कसा घ्यावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी कुणीतरी उचलून नेलं, दुसऱ्याच घरात वाढले आणि आता स्वतःची मूळ माणसं शोधायची आहेत, अशा सज्ञान मुलींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मुलग्यांनाही ती लागू पडतात, फक्त डीएनएच्या एका बाबतीत फरक आहे. तो त्या जागी सांगितला आहे. कागद आणि आठवणी दिशा दाखवतात, चेहरा आशा लावतो, पण निकाल देतो तो डीएनए. पुढची सगळी कामं या क्रमानेच मांडली आहेत.

मला पळवून आणलं असावं असं वाटतं. संशयात तथ्य आहे का, हे कसं ताडायचं?

एका खुणेवर विसंबू नका. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पुढे जा.

सुरुवात जन्मदाखल्यापासून करा. त्यावर जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. दोहोंत काही वर्षांचं अंतर असेल, जन्म घरी झाल्याचं लिहिलं असेल आणि सुईणीचा किंवा साक्षीदाराचा पत्ता नसेल, तर ती नोंद बारकाईने पाहण्यासारखी आहे. मात्र उशिरा नोंद झाली म्हणजे काही काळंबेरं आहेच, असं नाही. जगात कित्येक ठिकाणी खऱ्या जन्माची नोंदही शाळेत घालताना होते. दाखल्याची नुसती प्रत घेऊन थांबू नका. मूळ नोंदवहीतलं पान पाहायला मागा, कारण खाडाखोड, वेगळी शाई, मध्येच घुसवलेली ओळ किंवा क्रम चुकलेला अनुक्रमांक या गोष्टी प्रतीवर दिसत नाहीत. दाखल्यावर रुग्णालयाचं नाव असेल तर ते त्या वर्षी सुरू झालेलं होतं का, तिथे प्रसूती विभाग होता का, एवढं तरी विचारा.

मग फोटो बघा. घरातल्या इतर मुलांचे अगदी तान्हेपणापासूनचे फोटो आहेत आणि तुमचे एकदम तीन वर्षांपासूनचे, आईचा पोटुशी असतानाचा एकही नाही, नातेवाइकांना तुमचं बारसं आठवत नाही, या गोष्टी एकत्र आल्या की वजन वाढतं.

अनेकदा गोष्ट उघड होते ती कागद मागितल्यावर. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातून एकोणीस दिवसांची असताना पळवलेल्या मुलीला संशय आला तो स्वतःचा खरा जन्मदाखला घरातून मिळेना तेव्हा. पुढे तिने हरवलेल्या मुलांचं काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राशी संपर्क साधला आणि २०११ मध्ये डीएनएने नातं सिद्ध झालं.

आईवडिलांचा आणि माझा रक्तगट जुळत नाही. एवढं पुरेसं आहे का?

नाही. रक्तगट फार तर नातं नसल्याचा इशारा देतो, नातं असल्याचा पुरावा कधीच देत नाही. दोघेही ओ गटाचे असतील तर मूल ए किंवा बी होत नाही आणि दोघांपैकी एक एबी असेल तर मूल ओ होत नाही, हा नेहमीचा नियम. पण त्याला अपवाद आहेत. १९५२ मध्ये मुंबईत सापडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट नेहमीच्या तपासणीत ओ दिसतो, तरी त्या व्यक्तीकडून मुलाला ए किंवा बी जाऊ शकतो. शिवाय जुन्या कार्डांवर रक्तगट सर्रास चुकीचे लिहिलेले असतात. तपासणी पुन्हा करून घ्या आणि निष्कर्षासाठी डीएनएकडे वळा.

पळवलेलं, विकलेलं आणि दत्तक दिलेलं, यातलं माझं काय झालं हे आधी कळायला हवं का?

कळलं तर बरं, पण अडून बसू नका. घरात सांगितलेली कहाणी बऱ्याचदा अर्धीच खरी असते. ‘रस्त्यावर सापडलीस’ असं सांगितलेली मुलगी रुग्णालयातून चोरलेली निघते, तर ‘पळवलेली’ समजणारी मुलगी आजीने किंवा काकाने आईच्या नकळत देऊन टाकलेली निघते. वडिलांनी किंवा आईनेच दुसऱ्याला न सांगता मूल घेऊन गाव सोडल्याच्या घटनाही थोड्याथोडक्या नाहीत. कागदोपत्री कायदेशीर दिसणाऱ्या दत्तकामागे चोरी असू शकते, हे अनेक देशांतल्या चौकशांतून पुढे आलं आहे. तेव्हा शोध सगळ्या शक्यता धरूनच करा आणि ‘माझं अपहरण झालं’ हे वाक्य सिद्ध होईपर्यंत अनोळखी नातेवाइकांना लिहू नका.

वाढवलेल्या आईवडिलांना आधी विचारू की गुपचूप शोध सुरू करू?

आधी कागद आणि फोटो सुरक्षित करा, मग विचारा. प्रश्न विचारल्यावर जुनी पत्रं, टाचणं, कपडे नाहीसे होतात. दर वेळी ते वाईट हेतूने होतं असंही नाही, भीतीपोटी होतं. सगळ्या कागदांचे पुढून-मागून फोटो काढा, कारण मागच्या बाजूला शिक्के आणि पेन्सिलीच्या नोंदी असतात. प्रती घराबाहेर एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे ठेवा.

बोलताना आरोपाने सुरुवात केली तर दार बंद होतं. ‘मी कुठून आले?’ यापेक्षा ‘मी घरात आले तेव्हा ऋतू कोणता होता, अंगावर काय होतं, कुणाबरोबर आले, तेव्हा मला चालता-बोलता येत होतं का?’ असे छोटे प्रश्न विचारा. शेजारी, जुन्या मोलकरणी, दूरचे वयस्कर नातेवाईक बऱ्याचदा घरच्यांपेक्षा मोकळेपणाने बोलतात आणि त्यांचं वय पाहता हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी तारीख घालून लिहून काढा. जिथे तुमच्या जिवाला धोका वाटतो तिथे घरात काहीही न विचारता थेट पोलिसांकडे किंवा वकिलाकडे जा.

मला फार थोडं आठवतं. त्या आठवणींचा काय उपयोग?

खूप उपयोग आहे, फक्त त्या नीट उतरवल्या पाहिजेत. साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीचं बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही. त्यामुळे तुम्हाला घर, अंगण, माणसं आठवत असतील तर तुम्हाला नेलं तेव्हा तुम्ही बहुधा तीन वर्षांच्या पुढच्या होतात. ही एक गोष्टसुद्धा शोधाचा पट्टा अरुंद करते.

इतर कुणाशी बोलण्याआधी, इंटरनेटवर काही पाहण्याआधी एकटीने बसून लिहा. एकदा कुणी ‘तिथे नदी होती का?’ असं विचारलं की नदी आठवणीत शिरते आणि मग ती खरी की सुचवलेली, हे तुम्हालाही सांगता येत नाही. याच कारणासाठी संमोहनाने आठवणी ‘बाहेर काढून’ देणाऱ्यांकडे जाऊ नका. प्रत्येक आठवणीपुढे ‘मला स्वतःला आठवतं’ किंवा ‘मला सांगितलेलं आहे’ अशी खूण करा. खात्री किती, तेही लिहा.

गावाचं नाव आठवत असेल तर कानाला जसं ऐकू येतं तसंच लिहा, नकाशावर शोधून ‘दुरुस्त’ करू नका. मूल नाव चुकीचं उच्चारतं, वाडीचं किंवा गल्लीचं नाव गावाचं समजतं. आईला, आजीला, पाण्याला, भाकरीला कोणता शब्द वापरत होता, अंगाईतले दोन-चार सूर, शिव्या, प्राण्यांना हाकलायचे आवाज हे सगळं महत्त्वाचं आहे. हे शब्द बोलून ध्वनिमुद्रित करा आणि त्या भागातल्या बोली जाणणाऱ्याला ऐकवा. उच्चारावरून जिल्ह्यापर्यंत पोचता येतं.

मग नकाशा काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे काय, उजवीकडे काय, पाणी कुठे, चढ कुठे, झाडं कोणती, छप्पर कशाचं, चूल घरात की बाहेर. चीनमध्ये १९८९ मध्ये चार वर्षांचा असताना युनान प्रांतातून पळवलेल्या एका माणसाने २०२१ च्या डिसेंबरात आठवणीतल्या गावाचा असाच हाताने काढलेला नकाशा लोकांपुढे ठेवला. त्यात तळं होतं, बांबूचं बन होतं, शाळा वाटणारी इमारत होती. पोलिसांनी तो त्या भागातल्या एका गावाशी आणि एका हरवलेल्या मुलाच्या आईशी जोडला, डीएनए जुळला आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मायलेकरांची भेट झाली. लक्षात घ्या, नकाशाने गाव दिलं, पण आई पक्की केली ती डीएनएने.

माझी जन्मतारीखच खोटी असेल तर शोधायचं कोणतं वर्ष?

कागदावरची तारीख विसरा आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन वर्षं सोडून शोधा. शाळेत लवकर घालण्यासाठी वय वाढवलेलं असतं किंवा घरातल्या दुसऱ्या मुलाच्या वयाशी मेळ घालायला कमी केलेलं असतं. मोठेपणी हाडांच्या एक्स-रेवरून वय काढून घेण्यात पैसे घालवू नका. वाढ पूर्ण झाल्यावर तो अंदाज इतका ढोबळ होतो की या कामाला निरुपयोगी ठरतो.

त्यापेक्षा जुना फोटो बरा. खालचे समोरचे दोन दुधाचे दात साधारण सहा-सातव्या वर्षी पडतात आणि त्यानंतर वरचे. तारीख माहीत असलेल्या एखाद्या फोटोत, समजा कुणाच्या लग्नात, तुम्ही हसताय आणि खालचे दोन दात नाहीत, तर त्या दिवशी तुमचं वय किती होतं याचा बराच जवळचा अंदाज लागतो. मूळ फोटो मोठा करून दंतवैद्याला दाखवा.

अंगावरच्या कोणत्या खुणा कामाच्या?

भाजल्याचे, टाक्यांचे, कान टोचल्याचे, गोंदणाचे वण आणि ठळक जन्मखुणा. तीळ मोठेपणीही उमटतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त नको. तान्ह्या मुलांच्या कमरेवर दिसणारे निळसर डाग बहुधा काही वर्षांत मावळतात, त्यामुळे आई ‘पाठीवर निळा डाग होता’ म्हणाली आणि तुमच्या पाठीवर तो नाही, तर तेवढ्यावरून नातं नाकारू नका. लसीचा वण कोणत्या दंडावर आहे, तेही टिपा. प्रत्येक खुणेचा फोटो शेजारी पट्टी धरून काढा. यातल्या किमान दोन खुणा कुणालाही सांगू नका. का, ते फसवणुकीच्या प्रश्नात येईल.

पोलिसांकडे जाऊन नेमकं काय मागायचं?

‘माझे आईवडील शोधून द्या’ असा अर्ज बहुधा धूळ खात पडतो. तीन ठोस गोष्टी मागा. एक, तुमचा जबाब नोंदवून त्याची पोच आणि क्रमांक. दोन, तुमच्या वयाच्या मुलीच्या हरवल्याच्या आणि अपहरणाच्या, दोन्ही प्रकारच्या जुन्या नोंदी तपासाव्यात असा लेखी अर्ज, कारण पळवलेल्या मुलाची नोंदही पुष्कळदा नुसती ‘हरवलं’ अशीच झालेली असते. तीन, हरवलेल्या व्यक्तींच्या शासकीय डीएनए संचात तुमचा नमुना घालण्याची विनंती. असा संच तुमच्या देशात असेल तर तिथे नमुना बहुतेक वेळा विनामूल्य घेतला जातो.

नोंद तुम्ही वाढलात त्या गावात सापडत नाही, ती जिथून नेलं तिथल्या ठाण्यात असते. दोन ठाणी, दोन राज्यं, कधी दोन देश यांच्यात कागद फिरतो आणि तिथेच अडकतो. म्हणून तपास अधिकाऱ्याचं नाव, अर्जाचा क्रमांक आणि तारीख यांची वही ठेवा. अधिकारी बदलला की नव्याला तीच वही दाखवायची. नोंद सापडली नाही म्हणजे कुणी शोधलं नाही, असं मात्र समजू नका. फिर्याद घेतलीच गेली नसेल, वही पुरात गेली असेल, मुदत संपली म्हणून नष्ट केली असेल.

पोलिसांनी डीएनए घेतला आहे. मग खासगी कंपनीची चाचणी कशाला?

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. दोन्हींना लोक ‘डीएनए चाचणी’च म्हणतात, पण त्या वेगळ्या आहेत आणि एकमेकींशी ताडता येत नाहीत.

पोलीस आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा साधारण वीस-बावीस ठरावीक जागांवर डीएनएचे छोटे तुकडे लागोपाठ किती वेळा येतात ते मोजतात. त्यांना एसटीआर म्हणतात. आई, वडील आणि मूल यांच्यातलं नातं त्यातून जवळपास निर्विवाद ठरतं. आजीआजोबांचे नमुने पुरेसे असतील तर तेही जमतं. पण मावसबहीण किंवा चुलतभाऊ ओळखायला ही पद्धत तोकडी आहे. खासगी वंशावळ कंपन्या सहा-सात लाख जागांवरची एकेक अक्षरं वाचतात, त्यांना एसएनपी म्हणतात. त्यातून तिसऱ्या-चौथ्या पिढीचं नातंही दिसू शकतं.

म्हणजे आईवडिलांनी पोलिसांकडे रक्त दिलं असेल तर तुम्ही तिथेच सापडाल. ते हयात नसतील, पण मामेभावाने हौसेने खासगी चाचणी केली असेल, तर तुम्ही तिकडे सापडाल. दोन्ही दारं ठोठवा. १९७१ मध्ये टेक्सासमधून मूल सांभाळणाऱ्या बाईने नेलेली मुलगी ५१ वर्षांनी, २०२२ मध्ये सापडली ती खासगी चाचणीतून, आणि तिच्या वडिलांचा डीएनए आधी जुळला तो तिच्या मुलांशी, म्हणजे त्यांच्या नातवंडांशी.

कोणती कंपनी निवडू?

एकीवर भागत नाही. प्रत्येक कंपनी फक्त स्वतःच्या ग्राहकांशी ताडून पाहते. अँसेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी बाहेरच्या चाचणीची फाइल घेत नाहीत, तिथे नमुनाच द्यावा लागतो. जेडमॅच ही प्रयोगशाळा नाही, इतर ठिकाणची फाइल चढवून ताडून पाहण्याची जागा आहे. म्हणून क्रम असा ठेवा : मोठ्या संचाच्या कंपनीत चाचणी करा, मिळालेली मूळ फाइल उतरवून घ्या आणि जिथे जिथे बाहेरची फाइल घेतात तिथे चढवा. फाइल चढवण्याआधी पोलिसांना ताडून पाहण्याची परवानगी देण्याचा पर्याय वाचून घ्या.

या संचांमध्ये अमेरिका आणि युरोपातले लोक फार आणि आशिया-आफ्रिकेतले थोडे, हे माहीत असू द्या. तुमचं मूळ जिथलं असण्याची शक्यता आहे तिथले लोक चाचण्या करतच नसतील तर शासकीय संचाचं दार जास्त महत्त्वाचं. काही देशांत अशा घरगुती चाचण्यांना मनाई आहे, फ्रान्स त्यातलाच. तिथे राहत असाल तर आधी वकिलाला विचारा.

मुलग्यांच्या बाबतीत जो फरक म्हटला तो असा : वडिलांकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र मुलीत नसतं. त्यामुळे वाय चाचणीतून बापाकडचं घराणं शोधण्याचा मार्ग मुलीला बंद असतो. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची चाचणी कुणी सुचवली तर घाई करू नका. ती जुळली तरी सामाईक पूर्वज हजारो वर्षांमागची असू शकते. कुणी संभाव्य आई समोर आली आणि नातं नाकारायचं असेल तेव्हाच ती कामाची.

लाळेचा नमुना बाद झाला. काय चुकलं असेल?

नमुन्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू, च्युइंगम काहीही नको. नळीवर रेघ असते, लाळ त्या रेघेपर्यंत हवी, फेस धरून नव्हे. फेस बसला की पातळी खाली जाते आणि नमुना अपुरा ठरतो. झाकणातलं द्रव पूर्ण खाली उतरलंय हे बघा आणि नळी काही सेकंद हलवा. तोंड कोरडं पडत असेल तर गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेणारी कंपनी बरी. बोळा नुसता टेकवून चालत नाही, गालाच्या आतल्या बाजूला नीट घासावा लागतो.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेलं असेल तर चाचणी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. लाळेत दात्याचा डीएनए मिसळलेला असतो आणि तुम्हाला त्याचे नातेवाईक दिसू लागतात.

निकालात सेंटीमॉर्गनचे आकडे आहेत. ते कसे वाचायचे?

दोघांमध्ये किती डीएनए सारखा आहे, त्याचं ते माप. सुमारे ३४०० ते ३७०० असेल तर आई, वडील किंवा तुमचं स्वतःचं मूल. २३०० ते २९०० च्या आसपास बहुधा सख्खं भावंड. १२०० ते २३०० मध्ये आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावशी, भाचा, पुतणी किंवा आईवडिलांपैकी एकच समान असलेलं भावंड, सगळे एकाच खणात पडतात आणि नुसत्या आकड्यावरून ते वेगळे करता येत नाहीत. तिथे वय बघा. तुमच्याहून चाळीस वर्षांनी मोठी बाई भाची असण्याची शक्यता कमी. ४०० ते १४०० म्हणजे बहुधा चुलत, मामे, मावस किंवा आते भावंड. ज्यांचे आणि तुमचे पणजोबा एक, त्यांच्याशी ४० पासून ५९० पर्यंत काहीही. खापरपणजोबा एक असतील तर ० ते २३०. अशा दहातल्या एखाद्या नातेवाइकाशी काहीच जुळत नाही, तरी तो नातेवाईकच असतो.

फक्त लांबचे नातेवाईक दिसतात. तिथून घरापर्यंत कसं पोचायचं?

चिकाटीचं काम आहे, पण जमतं. ९० ते ४०० सेंटीमॉर्गनच्या मधले सगळे जुळलेले लोक एका तक्त्यात उतरवा. पहिल्याला एक रंग द्या. त्याच्याशी आणि तुमच्याशी, दोघांशीही जुळणाऱ्या सगळ्यांना तोच रंग. मग रंग न मिळालेल्यांतला पहिला घ्या, त्याला दुसरा रंग. असं करत गेलं की साधारण चार गट पडतात, चार आजीआजोबांचे. याला लीड्स पद्धत म्हणतात. चारच्या ऐवजी दोन किंवा सात पडले तरी घाबरू नका, खरा डेटा असाच असतो.

आता एका गटातल्या लोकांच्या वंशावळी शेजारी-शेजारी ठेवा आणि सगळ्यांत सारखं येणारं जोडपं शोधा. ते तुमचेही पूर्वज. तिथून उलट खाली उतरा : त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं, सगळी. दुसऱ्या गटातही हेच करा. या दोन गटांतली माणसं जिथे लग्नाने एकत्र आली ते घर तुमचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्या घरातल्या एकाने चाचणी करायला होकार दिला की प्रश्न सुटतो.

जवळच्या नात्यात किंवा लहान समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होत असतील तर हे सगळं बिघडतं. रंग एकमेकांत मिसळतात आणि लांबचा माणूस जवळचा वाटतो. अशा वेळी सेंटीमॉर्गनच्या बेरजेपेक्षा सारख्या डीएनएचा सर्वांत लांब अखंड तुकडा किती, ते पाहा. बेरीज १०० पण तुकडे सगळे आठ-दहाचे, तर नातं बरंच जुनं आणि अनेक बाजूंनी आलेलं. त्याच बेरजेत एक तुकडा ४० चा असेल तर त्या माणसाला पत्र लिहायला हरकत नाही.

जुळलेल्या अनोळखी माणसाला पहिला निरोप काय लिहू?

थोडका, न घाबरवणारा, एकच प्रश्न असलेला. समोरचा माणूस आजोळ शोधायला म्हणून आलेला असतो, त्याला अपहरणाची गोष्ट ऐकायची तयारी नसते. आणि ज्याने मूल नेलं किंवा दिलं तोही याच कुटुंबातला असू शकतो. उदाहरणार्थ :

‘नमस्कार. आपला डीएनए जुळल्याचं इथे दिसतंय. मी माझ्या कुटुंबाची वंशावळ जुळवते आहे आणि माझ्याकडे माहिती फार कमी आहे. तुमच्या आजीआजोबांची आडनावं आणि ते कोणत्या भागातले होते, एवढं सांगाल का? सवडीने उत्तर दिलंत तरी चालेल.’

उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. बरेच जण खातं उघडून पुन्हा कधी पाहतच नाहीत.

समाजमाध्यमावर फोटो टाकला आणि पाच जणांनी ‘तू आमचीच’ म्हणून फोन केले. कुणावर विश्वास ठेवायचा?

कुणावरच नाही, डीएनए होईपर्यंत. यातले काही ठग असतात, पण बहुतेक खरोखर मूल हरवलेले आईबाप असतात. त्यांना तुमच्यात आपली मुलगी दिसते आणि ते खोटं बोलत नसतात. म्हणूनच त्या राखून ठेवलेल्या दोन खुणा कामाला येतात. ‘माझ्या अंगावर भाजल्याचा वण कुठे होता?’ असं विचारू नका, त्यात उत्तर अर्धं देऊन झालं. ‘तुमच्या मुलीच्या अंगावर कोणत्या खुणा होत्या?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

प्रवासखर्च, प्रयोगशाळेची फी, आजारी आजीचं औषध, कशासाठीही पैसे मागितले की तिथेच थांबा. डीएनएची मूळ फाइल, घरचा पत्ता, ओळखपत्राचा फोटो देऊ नका. फसवणुकीची भीती दोन्हीकडे असते. टेक्सासच्या त्या मुलीला वडिलांचा पहिला निरोप आला तेव्हा तिलाही तो फसवाफसवीचाच प्रकार वाटला होता. त्यामुळे तुमच्या निरोपाला कुणी तुसडेपणाने उत्तर दिलं तर ते मनावर घेऊ नका.

चेहरा हुबेहूब जुळतो. तरी चाचणी हवीच?

हवीच. केप टाउनमध्ये १९९७ मध्ये रुग्णालयातून पळवलेली मुलगी २०१५ मध्ये सापडली, ती तिची धाकटी बहीण योगायोगाने त्याच शाळेत आली आणि दोघींचे चेहरे सगळ्यांच्या डोळ्यांत भरले म्हणून. तिथेही नातं ठरवलं ते डीएनएने. हुबेहूब दिसूनही नातं नसलेल्या जोड्यांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

मला दुसऱ्या देशात नेलं होतं. कुठून सुरुवात करू?

ज्या देशातून नेलं त्या देशाची अशा मुलांसाठी काही खास यंत्रणा आहे का, ते आधी पाहा. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत बेपत्ता केलेल्यांची सुमारे ५०० मुलं इतरांना दिली गेली, असा अंदाज आहे. त्यांच्या आज्यांनी १९७७ मध्ये ‘प्लाझा दे मायोच्या आज्या’ ही संघटना उभी केली. आईवडीलच हयात नाहीत तर नातं सिद्ध कसं करायचं, या प्रश्नावर अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या मदतीने आजीआजोबांवरून नातं ठरवण्याची पद्धत तयार झाली. १९८७ मध्ये कायद्याने कुटुंबांच्या नमुन्यांची राष्ट्रीय पेढी स्थापन झाली आणि २०२५ पर्यंत १४० नातवंडांची ओळख पटली. १९७५ ते १९८३ च्या दरम्यान जन्मलेली आणि स्वतःबद्दल शंका असलेली व्यक्ती परदेशातूनही वकिलातीमार्फत तिथे नमुना देऊ शकते. चीनमध्ये पोलिसांचा पळवलेल्या मुलांसाठीचा डीएनए संच २००९ पासून आहे.

दत्तकाच्या कागदांवर परदेशी गेला असाल तर दोन्ही देशांच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणांकडे मूळ शोधासाठी अर्ज करा. भारतात ते काम ‘कारा’ पाहतं. १९९३ च्या हेग दत्तक कराराचं कलम ३० मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवण्याचं बंधन घालतं, अर्जात त्याचा उल्लेख करा. कागद नसतील तर तुमच्या देशातल्या पोलिसांना इंटरपोलच्या पिवळ्या सूचनेबद्दल विचारा. ती हरवलेल्यांसाठी असते, तशीच स्वतःची ओळख सांगू न शकणाऱ्यांसाठीही असते. ती पोलिसांमार्फतच निघते, स्वतः अर्ज करून नाही.

मला वाढवलेल्या आईला तुरुंगात जावं लागेल का?

लागू शकतं. हे आधी कळलेलं बरं. न्यूयॉर्कच्या प्रकरणात १२ वर्षांची, केप टाउनच्या प्रकरणात १० वर्षांची आणि १९९८ मध्ये फ्लोरिडातून नेलेल्या मुलीच्या प्रकरणात १८ वर्षांची शिक्षा झाली. मूल चोरणं, चोरीचं आहे हे जाणून घेणं आणि अजाणतेपणी वाढवणं यांत कायदा फरक करतो. किती वर्षांनी खटला भरता येतो, हे देशागणिक वेगळं आहे. एकदा पोलिसांत नोंद झाली की खटला चालवायचा की नाही हे पुष्कळ ठिकाणी तुमच्या हातात राहत नाही. म्हणून जबाब देण्याआधी फौजदारी कामाच्या वकिलाशी एकदा बोला आणि तो वकील घरच्यांचा नको.

या प्रश्नाने अनेकींचा शोध वर्षानुवर्षं अडतो. खासगी डीएनए चाचणी करून निकाल जवळ ठेवता येतो, पोलिसांकडे जायचं की नाही ते नंतर ठरवता येतं. पण तेवढ्या काळात जन्मदाते म्हातारे होत असतात, हेही तराजूत धरा.

जुळलं! पहिली भेट कशी ठरवू?

आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, ओळख पटवून घेतलेल्या नमुन्यांवर नातं पक्कं करा. घरी काढून टपालाने पाठवलेला नमुना न्यायालयात चालेलच असं नाही. मग फोनवर बोला, मगच भेटा. भाषा वेगळी असेल तर दुभाषी नात्यातला नको, कारण तो अप्रिय वाक्यं गाळतो. पहिली भेट दोन-तीन तासांची, त्रयस्थ जागी, परतीची सोय स्वतःच्या हातात. पत्रकार आणि कॅमेरे नकोत. ते एकदा आले की कोण रडलं आणि कोण नाही याचाच हिशोब राहतो.

तिथे हरवलेल्या दिवशी होतं तसं घर नसेल. आईवडील एकमेकांना दोष देत वेगळे झाले असतील, ज्या भावंडाच्या हातून बोट सुटलं ते आयुष्यभर ते ओझं वागवत असेल. त्यांना तान्ही मुलगी हवी असते आणि समोर बाई येते. पहिल्या महिन्यातच ‘आता इथेच राहा’ असा आग्रह होतो. तेव्हा उत्तर द्यायचं बंधन नाही.

नाव आणि कागद बदलून घेऊ का?

घाई नको. शिक्षण, नोकरी, लग्न, पारपत्र, मुलांचे दाखले सगळे जुन्या नावावर उभे असतात. एक दाखला रद्द केला की बाकीचे लटकतात. ‘अमुक आणि तमुक या एकाच व्यक्ती’ असा न्यायालयाचा आदेश आधी मिळवा, मग एकेक कागद बदला. जुना दाखला खोटा ठरला तर नागरिकत्वावर आणि वारसाहक्कावर काय परिणाम होईल, हे वकिलाकडून लेखी घ्या. विशेषतः सीमा ओलांडून आणलेलं असेल तर.

चाचण्या झाल्या, नोंद झाली, काहीच जुळलं नाही. आता?

संच दररोज वाढतात. आज रिकामी असलेली यादी पुढच्या वर्षी रिकामी असेलच असं नाही, म्हणून महिन्यातून एकदा नव्याने जुळलेले लोक पाहा. नोंद निष्फळ ठरण्याचं एक फार क्षुल्लक कारण असतं : बंद पडलेला ईमेल आणि बदललेला फोन. नमुना जुळतो, निरोप जातो आणि पोचत नाही. शोधासाठी वेगळा ईमेल ठेवा, त्याचा पासवर्ड आणि तुमच्या वहीची जागा एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा आणि फोन नंबर बदलला की प्रत्येक कंपनीत, प्रत्येक पोलीस अर्जात तो लेखी कळवा. शक्य असेल तर तुमच्या मुलांनाही चाचणी करू द्या. आणि मूळ देशातल्या संचात आईवडिलांचे नमुने नव्याने घेतले जाताहेत का, याची वर्षातून एकदा चौकशी करा.